दोन्ही घरचा पाहुणा

दोन घरांत पाय असलेला नायक शेवटी मेला पाहिजे, असं माझं कितीतरी वर्षं मत होतं. इतक्या उघड शब्दांत मी ते कुणाला सांगितलं नसतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी 'शोकांतिकेची अपरिहार्यता' असलं काहीतरी भारदस्त म्हणायचो. आतला हिशेब मात्र साधा होता. ज्याचं रक्त दोन बाजूंचं, त्याच्या निष्ठा दोन बाजूंना ओढणार; ओढ खरी असेल तर माणूस फाटणार; आणि जो फाटत नाही, लग्न करतो, कामावर जातो, म्हातारा होतो, त्याच्यावर लिहायचं तरी कशाला? अशा नायकाला जिवंत ठेवणारा लेखक मला ऐन वेळी कच खाल्लेला वाटायचा. आता मला नेमकी त्या जगलेल्या माणसाची गोष्ट हवी असते. हे सगळं लिहून काढावंसं वाटलं, कारण माझी जुनी भाषणं ऐकलेले काही मित्र अजून मला माझीच वाक्यं ऐकवतात.

माझ्या पिढीच्या मराठी वाचकाला हे मत जवळजवळ बाळकडूसारखं मिळालं. 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि कर्ण घराघरांत शिरला. कर्ण काही रूढ अर्थाने मिश्र वंशाचा नव्हे. आई राजकन्या, बाप सूर्य, वाढला सूताच्या घरी. पण जन्म एका घरचा आणि मीठ दुसऱ्या घरचं ही त्याची अडचण आम्हाला इतकी भावली, की त्यापुढे तशा प्रत्येक पात्राला आम्ही कर्णाच्या मापाने मोजू लागलो. तो किती जळला? किती एकटा पडला? कसा मेला? त्याच साली आलेल्या 'युगान्त'मध्ये इरावती कर्व्यांनी कर्णाला भक्तिभाव बाजूला ठेवून तपासलं, तर आमच्यातल्या बऱ्याच जणांना बाई फार कोरड्या आहेत असंच वाटलं. मलाही वाटलं.

मग 'अंधायुग' हाती आलं. धर्मवीर भारतींनी हे नाटक १९५४च्या सुमारास लिहिलं. सत्यदेव दुब्यांनी मुंबईत आणि पाठोपाठ अल्काझींनी दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत ते उभं केलं, हा भाग सर्वांना माहीत आहे. मी त्यातल्या युयुत्सूच्या प्रेमात पडलो. धृतराष्ट्राला एका वैश्य स्त्रीपासून झालेला हा मुलगा. कौरवांत वाढलेला, पण युद्धाच्या तोंडावर पांडवांच्या बाजूला गेलेला. नाटकात तो युद्ध संपल्यावर हस्तिनापुरात परत येतो. जिंकलेल्या बाजूचा असूनही त्याचं स्वागत कुणी करत नाही. लोक घाबरून दूर होतात. गांधारी त्याला मुलासारखी हाक मारते आणि त्याच श्वासात भावांच्या वधाबद्दल असं टोचून बोलते की प्रेक्षागृहात आपणच मान खाली घालावी. आणि मग तो मुका, जखमी सैनिक. त्याला पाणी हवं आहे. युयुत्सू पाणी घेऊन येतो, वाकतो. सैनिक ओंजळीकडून नजर वर नेतो, चेहरा ओळखतो आणि पाणी न पिता जमिनीवरून मागे मागे सरपटत जातो. याच माणसाच्या बाणांनी तो तसा झालेला असतो. पुढे युयुत्सू भाल्याने स्वतःला संपवतो.

या प्रसंगावर मी किती बोललो असेन! सत्याची बाजू घेणाऱ्याला दोन्हीकडून मार, न घर का न घाट का, आत्महत्येवाचून गत्यंतर नाही, वगैरे. भारतींच्या नाटकाला त्या वैश्य आईशी फारसं देणंघेणं नाही, त्यांना सत्य आणि सत्ता यांचा प्रश्न मांडायचा आहे, हे माझ्या लक्षात यायचं. पण मी ती आई माझ्या बाजूने नाटकात घालायचो. माझ्या हिशेबात ती हवीच होती.

'भवानी जंक्शन' हा इंग्रजी सिनेमा मी पुण्यात शिकायला असताना एका फिल्म सोसायटीत पाहिला. जॉर्ज क्यूकरचा, १९५६ सालचा. इंग्रज सामान बांधताहेत असा काळ. व्हिक्टोरिया जोन्स ही अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरची मुलगी, सैन्याच्या महिला दलात काम करणारी. तिच्यासमोर तीन पुरुष आहेत: तिच्याच समाजातला, रेल्वेत असलेला पॅट्रिक टेलर; रणजित कासेल हा शीख तरुण; आणि रॉडनी सॅव्हेज हा इंग्रज कर्नल. भारत सरकारने पटकथा आधी दाखवायला सांगितली, कराचंही जुळेना, म्हणून कंपनीने चित्रीकरण लाहोरला केलं. म्हणजे भारतात कुणी राहायचं आणि कुणी जायचं याची गोष्ट पाकिस्तानात चित्रित झाली. नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकऱ्याची मुलगी एव्हा गार्डनर त्यात अँग्लो-इंडियन झाली. (त्याच हॉलिवूडमध्ये त्या वेळी मर्ल ओबेरॉन होती. ती १९११ साली आपल्या मुंबईत जन्मलेली, खरोखरीची अँग्लो-इंडियन, १९३५च्या एका चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालेली. आणि जन्म टास्मानियात झाल्याचं आयुष्यभर सांगत राहिलेली.)

सिनेमात व्हिक्टोरिया साडी नेसते, रणजितशी लग्न करायला म्हणून गुरुद्वारात बसते, आणि नवं नाव घ्यायची वेळ येते तशी उठून पळत सुटते. हा प्रसंग एव्हा गार्डनरने फार चांगला केला आहे. चेहऱ्यावर श्रद्धा नाही आणि तिरस्कारही नाही, आपण चुकीच्या डब्यात बसलोय हे गाडी हलल्यावर कळावं तशी नुसती धांदल आहे. शेवटाकडे बोगद्यात गांधीजींच्या गाडीखाली स्फोटकं लावणाऱ्याला अडवताना पॅट्रिक गोळी लागून मरतो आणि व्हिक्टोरिया कर्नल सॅव्हेजच्या वाट्याला येते. सिनेमा संपल्यावर चहाच्या टपरीवर मी पॅट्रिकची बाजू हिरिरीने मांडली होती. तोवर तो डोक्यावर सोला टोपी घालून वावरणारा, चिडका, हास्यास्पद माणूस होता. मरणाने तो नायक झाला, असं माझं म्हणणं. तिला गोरा कर्नल मिळाला हे मला खटकलं, पॅट्रिक मेला हे अजिबात खटकलं नाही.

आणि हे बोलणारा मी भुसावळचा. आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या ओळीत अँग्लो-इंडियन घरं होती. एक मेल ड्रायव्हर, त्यांना आम्ही अंकल म्हणायचो. नाताळात त्यांच्याकडून कुलकुल यायचे, दिवाळीत आमच्याकडून चकल्या जायच्या. इन्स्टिट्यूटमध्ये हाउझी असली की आंटी ठेवणीतला फ्रॉक घालून निघायच्या आणि माझी आई खिडकीतून बघत 'छान दिसतंय हो' म्हणायची. मोठा झाल्यावर, पुस्तकं वाचल्यावर, मी त्या घराकडे मागे वळून पाहिलं तेव्हा मला तिथे फक्त फाटलेले आत्मे दिसू लागले. अंकल संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे ते नक्कीच न पाहिलेल्या इंग्लंडच्या आठवणीत, असं मी ठरवून टाकलं होतं. ते बहुधा रात्रीच्या ड्यूटीआधी वारा खात बसलेले असत. त्यांच्या तोंडून मी ऐकलेल्या तक्रारी म्हणजे रनिंग रूममधलं जेवण, कोळशातला चुरा आणि न मिळालेला ओव्हरटाइम. माझ्या वडिलांच्याही तक्रारी याच होत्या. फक्त वडिलांना मी कधी शोकांतिकेचा नायक केलं नाही.

ते कुटुंब पुढे ऑस्ट्रेलियाला गेलं. आम्ही म्हटलं, शेवटी गेलेच. कॉलनीतल्या कुळकर्ण्यांचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा पेढे वाटले गेले.

माझं मत एका झटक्यात बदललं नाही. जॉन मास्टर्सची मूळ कादंबरी, १९५४ सालची, मी बऱ्याच उशिरा वाचली. मास्टर्स हा गुरखा पलटणीतला अधिकारी, पिढ्यान् पिढ्या हिंदुस्थानात चाकरी केलेल्या इंग्रज घराण्यातला. त्यामुळे त्याच्या पुस्तकात साहेबी नजर आहेच, कर्नल सॅव्हेजवर त्याचा जीव जरा जास्तच आहे. तरीही पुस्तक उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती अशी, की इथे कर्नल एकटा बोलत नाही. पॅट्रिक, व्हिक्टोरिया आणि सॅव्हेज आपापला भाग स्वतःच्या तोंडाने सांगतात. सिनेमात सगळी कहाणी सॅव्हेज आगगाडीच्या डब्यात बसून एका बड्या अधिकाऱ्याला सांगतो. बाकीचे त्याच्या आठवणीतले. पुस्तकातला पॅट्रिक स्वतः बोलतो तेव्हा तो अजिबात गोड माणूस नाही. हिंदी लोकांबद्दल वाईटसाईट बोलतो, स्वतःला कमी लेखतो, म्हणून दुसऱ्याला आणखी कमी लेखतो, हात लावील ते बिघडवतो. पण तो मरत नाही. आणि व्हिक्टोरिया शेवटी कर्नलला सोडून त्याच्याकडे जाते.

पहिल्या वाचनात मला हा शेवट अगदीच पडेल वाटला. एवढी उलथापालथ करून बाई गेली कुठे, तर रेल्वे कॉलनीत! पुढे विचार करताना मात्र डोक्यात दुसरंच काही बसलं. पुस्तकात जगलेल्या पॅट्रिकला सिनेमाने मारलं होतं. स्टुडिओच्या व्यवहाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. एव्हा गार्डनर आणि स्ट्युअर्ट ग्रेंजर यांना पडद्यावर एकत्र आणायचं तर मधला माणूस हलवावा लागतो. मी मात्र त्या व्यवहारालाच शोकांतिका समजून टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या सुमारास मी महाभारताची शेवटची पर्वं वाचत होतो. ही पर्वं कुणी वाचत नाही. अठराव्या दिवशी दुर्योधन पडला, अश्वत्थाम्याचा मणी गेला, की आपण पुस्तक मिटतो. कीर्तनकारही तिथून पुढे घाईने स्वर्गारोहणाला पोचतात. मी चिपळूणकर मंडळींचं जुनं मराठी भाषांतर घेऊन बसलो होतो ते धृतराष्ट्राच्या वनवासासाठी. डोळे शोधत नव्हते तरी सापडला तो युयुत्सू. जिवंत.

अठराव्या दिवशी शिबिरातल्या कुरुस्त्रियांना घेऊन तोच हस्तिनापुराकडे निघतो. कृष्णाची आणि युधिष्ठिराची परवानगी विचारून. वाटेत विदुर भेटतो. तोही दासीपुत्र, तोही आयुष्यभर दारात उभा राहिलेला. विदुर त्याला दूर सारत नाही, योग्य केलंस म्हणतो. राज्याभिषेकानंतर युधिष्ठिर कामं वाटून देतो तेव्हा आंधळ्या राजाला काय हवं-नको ते पाहायला विदुर आणि संजयाबरोबर युयुत्सूचं नाव येतं. पांडव पुढे वनात धृतराष्ट्राला भेटायला जातात तेव्हा नगर राखायला मागे राहतात ते पुरोहित धौम्य आणि युयुत्सू. आणि वणव्यात धृतराष्ट्र, गांधारी, कुंती गेल्याची बातमी येते, सगळे गंगेवर उतरतात, तेव्हा धृतराष्ट्राला पाणी देताना पांडव युयुत्सूला पुढे करतात. पाची भाऊ त्याच्या मागे उभे राहतात. युद्धाच्या पहिल्या सकाळी तो बाजू बदलून आला तेव्हा युधिष्ठिर त्याला म्हणाला होता, की धृतराष्ट्राचा पिंड आणि वंशाचा धागा तुझ्यातच उरेलसं दिसतं. मी तो उल्लेख पूर्वी वाचला होता आणि सौजन्याचं बोलणं म्हणून पुढे गेलो होतो. ते नदीवर अक्षरशः खरं झालं.

म्हणजे इथेही तेच. व्यासांनी ज्याला युद्धानंतर ३६ वर्षं जगवलं, कामाला लावलं, बापाला पाणी द्यायला पुढे केलं, त्याला आमच्या काळातल्या नाटकाने भाल्यावर घेतलं. भारतींना तो अधिकार होताच. फाळणी आणि महायुद्ध नुकतं पाहिलेला कवी तो; त्याला हस्तिनापुरात शांतपणे कारभार करणारा युयुत्सू कुठून दिसणार? तक्रार असेल तर माझ्याबद्दल आहे. मला मूळ कथा हाताशी असताना मेलेला युयुत्सूच अधिक 'खरा' का वाटला?

आता दुसरी बाजू. व्यासांनी सगळं गोड केलेलं नाही. महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिर राज्याची देखरेख युयुत्सूकडे देतो, पण सिंहासनावर परीक्षित बसतो. धृतराष्ट्राचा जिवंत उरलेला एकुलता मुलगा हा, आणि त्याच्याकडे किल्ल्या, गादी नाही. का, ते स्पष्ट सांगितलेलं नाही. आईकडे बोट दाखवायला भरपूर जागा आहे. शिवाय त्याला पाणी द्यायला पुढे केलं तेही शंभर भाऊ संपल्यावर. एक जरी उरला असता तर युयुत्सू कितव्या रांगेत असता, कोण जाणे. म्हणून माझा पूर्वीचा उमाळा ओसरला तरी त्याच्या जागी आनंदीआनंद आलेला नाही. तिथे हिशेब आला. नदीवर बापाची बाजू मोजली गेली, गादीपाशी बहुधा आईची.

एकदा हे दिसल्यावर मला ते सगळीकडे दिसू लागलं. आपल्या घटनेच्या ३६६व्या कलमात अँग्लो-इंडियन कोण, ते सांगितलं आहे: ज्याचा बाप किंवा बापाकडचा कुणी पूर्वज युरोपीय वंशाचा, असा इथला रहिवासी. आई कोण, याचा प्रश्नच नाही. आणि पुण्यात शनिवारवाड्याच्या सावलीत जन्मलेल्या एका मुलाच्या बाबतीत बरोबर उलटं झालं. १७३४ साली बाजीराव-मस्तानीला मुलगा झाला. मस्तानी ही छत्रसालाला मुसलमान बाईपासून झालेली मुलगी, अशी सर्वसाधारण मान्य हकीगत आहे. बाजीरावाला मुलाचं नाव कृष्णराव ठेवायचं होतं, त्याची मुंज करायची होती. ब्रह्मवृंद आणि घरचे अडून बसले, असं परंपरेने सांगितलं जातं. बाप भट घराण्यातला पेशवा, पण मोजली गेली आई. मुलगा समशेर बहादूर म्हणून मुसलमान वाढला. १७४० साल उजाडताना पुण्यात बाजीरावाच्याच दुसऱ्या मुलाच्या, राघोबाच्या मुंजीची तयारी चालू होती आणि मस्तानी कैदेत होती. त्याच वर्षी बाजीराव गेला, पाठोपाठ ती गेली. पोर सहा वर्षांचं.

समशेर बहादूर मला आवडायचा, आणि कशासाठी आवडायचा तर पानिपतासाठी. १४ जानेवारी १७६१. तो सदाशिवरावभाऊंच्या फौजेत लढला, जखमी झाला, सुरजमल जाटाच्या मुलखात डीगला पोचला आणि तिथे गेला. वय २७. ज्यांनी मुंज नाकारली त्यांच्यासाठी प्राण दिला, अशी टाळीची ओळ मी स्वतः व्यासपीठावरून घेतलेली आहे. आता ती आठवली की मला कसंनुसं होतं. एक तर तो 'त्यांच्यासाठी' लढतच नव्हता. ते त्याचं घर होतं. नानासाहेब त्याचा भाऊ, सदाशिवराव चुलतभाऊ. बापाला छत्रसालाकडून मिळालेल्या बुंदेलखंडातल्या वाट्यापैकी बांदा-काल्पीकडचा मुलूख त्याच्या नावे होता. भावांच्या फौजेत भाऊ गेला, यात निष्ठेचा पेच कुठे आहे? विश्वासराव त्याच रणात पडला. त्याला आपण निष्ठेचं प्रमाणपत्र देत नाही. समशेरला मात्र आपण मरणाची पावती मागितली, ती मिळाल्यावर त्याला आपल्यात घेतलं, आणि वर स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

पानिपताहून तो वाचला असता तर? मला वाटतं, आपल्या कादंबऱ्यांना तो नकोसा झाला असता. 'राऊ'ला मस्तानी पुरते, आणि त्यावरून २०१५ साली आलेल्या भन्साळींच्या सिनेमालाही. पोर मागे उरतं, पण त्याच्या वयाच्या पंचविशीत कुणाला रस नसतो. वसुलीचे तंटे मिटवणारा, मोहिमांचा खर्च मागणारा, पुण्याला आला की कुठल्या पंगतीत बसायचं हे रोज नव्याने ठरवावं लागणारा समशेर. ही पंगतीची गोष्ट मला पानिपतापेक्षा कितीतरी अवघड वाटते. रणात बाजू एकदाच घ्यायची असते. जेवायला रोज बसायचं असतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी असं आपण म्हणतो, आणि दोष पाहुण्याच्या धरसोडीला देतो. वाढणाऱ्यांनी ताट मांडलं होतं की नाही, हे विचारत नाही. त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात स्थिरावला, त्याच्या वंशात बांद्याची नवाबी आली, आणि पणतू दुसरा अली बहादूर १८५७ला इंग्रजांविरुद्ध उठून राज्य गमावून इंदुरात पेन्शनीवर राहिला. त्याला कुणी विचारलं असेल का, की नवाबसाहेब, आपण मनातून नेमके कोण? विचारलं असेलच. लोक विचारतातच.

माझा एक नाटकवाला मित्र या सगळ्यावर वैतागला. "अरे, पण मग नाटक कुठाय? तुला लोकांनी तिकीट काढून धौम्याबरोबर गाव राखणारा माणूस बघायला यायचं?" त्याचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. मुक्या सैनिकाचा प्रसंग अजून वाचला की माझ्या घशात काहीतरी अडकतं, आणि नगररक्षणाच्या त्या उल्लेखाने काही होत नाही. व्यासांनीही युद्धानंतर युयुत्सूच्या तोंडी फारसं काही ठेवलेलं नाही. त्याला कामं दिली, शब्द दिले नाहीत. बोलतो तो भारतींचा. तेव्हा मरणाने त्याला आवाज मिळाला, हे मित्राचं म्हणणं बरोबर आहे.

मी त्याला अपर्णा सेनच्या '३६ चौरंगी लेन' या १९८१च्या सिनेमाची आठवण करून दिली. व्हायोलेट स्टोनहॅम ही कोलकात्यातली म्हातारी अँग्लो-इंडियन शिक्षिका. जेनिफर केंडलने तिचं केलेलं काम मी कितीदा पाहिलंय. तिची भाची ऑस्ट्रेलियाला गेली आहे, भाऊ वृद्धाश्रमात आहे, ती मात्र मांजराला खाऊ घालून शेक्सपिअर शिकवायला निघते. इंग्लंड की भारत असला पेच तिच्या मनात फारसा नाहीच. तिला फक्त संध्याकाळी कुणीतरी चहाला यावं असं वाटतं. एक तरुण जोडपं येतं, तिच्या फ्लॅटचा सोयीपुरता वापर करतं आणि नंतर तिला टाळतं. यात तिला मरायची गरज पडत नाही, आणि तो सिनेमा अंगावर येतो. मित्र म्हणाला, "ती नायिका कुठाय? ती तर बळी आहे." यावर आमचं अजून वाजतं. मला वाटतं, नायक म्हणजे कोण, हेच त्याने आणि मी कर्णाकडून शिकलो, आणि तो तिथून हलायला तयार नाही.

'भवानी जंक्शन'चा तो 'पडेल' शेवट मात्र आता मला फार जवळचा वाटतो. व्हिक्टोरिया आणि पॅट्रिक कॉलनीत परत गेले. पुढे काय, हे त्या कादंबरीत नाही. ते मीच मनाशी लिहीत बसतो. घटना लागू झाल्यावर कलम ३३६प्रमाणे अँग्लो-इंडियनांसाठी रेल्वे, कस्टम्स, टपाल-तार यांतल्या राखीव जागा दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी होत दहा वर्षांत संपणार होत्या. म्हणजे १९६०च्या आसपास पॅट्रिकची मुलं शाळेत असताना, त्यांना वडिलांच्या खात्यात चिकटवायचा रस्ता बंद. लोकसभेतल्या त्यांच्या दोन नियुक्त जागाही २०२० साली गेल्या, पण तोवर पॅट्रिक कुठला राहतोय. पर्थला गेलेल्या नातेवाइकांची पत्रं येत असतील. पॅट्रिक फंड आणि ग्रॅच्युइटीचे आकडे पुन्हा पुन्हा मांडत, आता नको, निवृत्त झाल्यावर बघू, म्हणून चिडत असेल. आणि व्हिक्टोरियाने ऑस्ट्रेलियाच्या हाय कमिशनच्या कचेरीतून फॉर्म कधीच मागवून ठेवलेले असतील. तिचा भाग तिने भरलेलाही असेल, त्याच्या सहीपुरती जागा तेवढी कोरी.